देवाला विचारून केलेली थट्टा

रिया, तू पाठवलेला पावडरचा डबा आज उघडला आणि त्या वासाने मी आंबेगावकडच्या एका जत्रेत जाऊन पोचले. तेव्हा मी तिथल्या शाळेत शिकवत होते. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे हजेरीचा तमाशा होता, देवाला हजेरी द्यायचा. तोंडाला पावडर फासलेला सोंगाड्या आधी देवळात गेला. हात जोडून म्हणाला, "देवा, आज तुजी लई टिंगल करनार हाय. रागवू नगं." पुजारीही हसला.

खेळात त्याने कृष्णाला अडवलं. "लोनी खाल्लंस, त्याचं काय न्हाई. पन देवळाच्या छपराचे नवे पत्रे कुनी खाल्ले, राव?"

सगळे हसले. मी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

पहिल्या रांगेतून देवळाच्या कमिटीचे चौघे सावकाश उठले. "देवाची चेष्टा करतो व्हय रं?" एकाने हळूच विचारलं. हसणं रांगेरांगेने थांबत माझ्यापर्यंत आलं. सोंगाड्याने माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी सांगा की. तुमी बी हसलाच की न्हाई?"

मी पदर तोंडावर धरला आणि खाली पाहिलं. तेव्हा त्या खाली पाहण्याला मी मर्यादा म्हटलं होतं.

चौघे सोंगाड्याभोवती उभे राहिले. त्याने तोंडावरची पावडर पुसायला घेतली.