टपालाने मागवलेली घरं

बायको आणि मुलगी पुण्याला गेल्या तेव्हा ठरलं होतं, दोनेक वर्षांत मीही गाशा गुंडाळून कायमचं परत जायचं. ते लांबतच गेलं. शारजाच्या फ्लॅटमध्ये एकट्याला मला भलताच छंद जडला. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत लोक कॅटलॉग बघून टपालाने अख्खं घर मागवत. रेल्वेने ते सुट्टं यायचं. कापून नंबर घातलेली लाकडं, खिळे, रंग, सगळं. त्यातली कुठली घरं अजून उभी आहेत हे शोधणारी हौशी मंडळी इंटरनेटवर आहेत. त्यांच्यात मीही शिरलो, असलं एकही घर प्रत्यक्ष न पाहता.

दिवसा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या कारखान्यात पोर्टा केबिनची, म्हणजे उचलून नेता येणाऱ्या तयार खोल्यांची, ड्रॉइंग्ज काढायची, घरी येऊन पुन्हा ड्रॉइंग्जच बघायची. ऑफिसातला मित्र म्हणायचा, "खलास करो यार, कोई फॅमिलीवाला शौक पालो." त्याचं काय जातंय बोलायला! त्याची फॅमिली त्याच्या घरात होती.

या शोधाची एक रीत आहे. बाहेरच्या रूपावर जायचं नाही, ते बदलतं. आतल्या फोटोंवरून खोल्यांचा आराखडा मांडायचा, दारं-खिडक्या जुळवायच्या आणि मग कॅटलॉगमधलं पान शोधायचं. मला हे मस्त जमायचं. कोण कुठे निजत असेल तेही मी ठरवून टाकायचो. परक्यांच्या घरात आपण इतके रमतो याचा मग रागही यायचा.

एका रविवारी बायकोने व्हिडिओ कॉलवर त्यांचा नवा फ्लॅट दाखवला. ती फोन घेऊन फिरत होती आणि मी सवयीने आराखडा काढत होतो. हॉल, किचन, गॅलरी. एक खोली मुलीची. दुसरी बायकोची, भिंतीला टेकवलेला सिंगल पलंग.

"आणि ती शेवटची?"

मुलगी शारजातच वाढलेली, उत्तर इंग्रजीतच आलं. "दॅट्स द गेस्ट रूम, बाबा. यू कॅन स्टे देअर!"

तिच्या मनात काही नव्हतं, ती खुशीत होती. बाकी खोल्यांवर मी नावं घातली होती, त्या चौकोनावर पेन नुसतं टेकवून बसलो.

मागून बायकोने विचारलं, "दिवाळीत येतोयस ना? किती दिवस राहणार ते सांग, म्हणजे तशी गादी मागवते."

कायमचा येतो, असं सांगायला मी तोंड उघडलं.

"आठवडाभर," मी म्हणालो.