पंच्याऐंशीची लेन्स आणि उजवा डोळा

मंडळात त्यांना सगळे ‘पंच्याऐंशी’ म्हणत. वयावरून नव्हे, वय एकसष्टच होतं. नाव पडलं होतं लेन्सवरून.

छायाचित्र मंडळाची वर्षातून एक खास बैठक व्हायची. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दोन लांब टेबलं जोडायची आणि प्रत्येक सभासदाने घरच्या सगळ्या पसाऱ्यातून एकच कॅमेरा आणि त्यावर एकच लेन्स आणून ठेवायची. बाकीचं सगळं उद्या गेलं तर तुम्ही काय हातात धराल, एवढाच प्रश्न. लोक दर वर्षी डोकं खाजवायचे, गेल्या वर्षीची निवड यंदा बदलायचे, बायकोच्या पिशवीतून तीन-तीन लेन्स आणून जिन्यातच ठरवायचे. पंच्याऐंशींचं मात्र अठरा वर्षं एकच. कॅमेऱ्याची बॉडी मध्ये एकदा बदलली होती, पण लेन्स तीच: पंच्याऐंशी मिलिमीटरची, हाताने कडं फिरवून फोकस करायची, तळहाताएवढी आणि दगडासारखी जड.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांनी काळी पट्टी चिकटवून टाकली होती. काढलेला फोटो तिथल्या तिथे बघायचा नाही, असा त्यांचा नियम. “डोळा आहे ना? मग पडद्यात काय बघायचंय?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतःहून फोकस करणाऱ्या लेन्सचा विषय निघाला की नाक मुरडायचे. त्यांचा स्टुडिओ लहान होता, पुढे काउंटर, मागे राखाडी पडदा आणि दोन दिवे. पण चेहऱ्याचा फोटो काढावा तर यांनीच, असं गावभर बोललं जायचं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांच्या फोटोत पापण्यांचे केस मोजता यायचे.

ती लेन्स सांभाळायची जबाबदारी मिस्त्रींची. मिस्त्री म्हणजे कॅमेरे दुरुस्त करणारे, औषधाच्या दुकानावरच्या एका खोलीत बसणारे, पंच्याऐंशींचे तीस वर्षांचे दोस्त. खोलीत खिडकीला लागून एक टेबल, त्यावर हिरवं कापड, आणि छोट्या-छोट्या वाट्यांमधून तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू. मिस्त्री लेन्स उघडायचे, पुसायचे, वंगण घालायचे, पुन्हा बसवायचे, आणि तेवढ्या वेळात पंच्याऐंशी स्टुलावर बसून जगातल्या सगळ्या फोटोग्राफरांना नावं ठेवायचे. मिस्त्री हसायचे, पण मान वर करायचे नाहीत, कारण हात कामात असायचे.

मग एका सकाळी दाढी करताना पंच्याऐंशींच्या डाव्या डोळ्यात साबण गेला. त्यांनी तो डोळा मिटला आणि आरशात पाहिलं तर स्वतःचा चेहरा वाफेतून दिसावा तसा दिसला. आरसा पुसला. तसाच. मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे तर एकमेकांत मिसळले होते. डावा डोळा उघडल्याबरोबर सगळं जागच्या जागी आलं. ते बराच वेळ तसेच उभे राहिले, गालावर अर्धा फेस. मग उरलेली दाढी केली आणि चहा प्यायला बाहेर आले. बायकोला काही सांगितलं नाही.

कॅमेऱ्यात बघायचा त्यांचा डोळा उजवा होता. चाळीस वर्षांची सवय. डाव्याने बघायला गेलं की नाक आडवं येई आणि हात वाकडा पडे. त्यांनी स्वतःची समजूत काढली, की लेन्सच मळली असेल. लेन्स मिस्त्रींकडे दिली. मिस्त्रींनी उघडली, पुसली, वंगण घातलं आणि म्हणाले, “तशी चांगलीच होती रे. धूळसुद्धा फारशी नव्हती.” पंच्याऐंशींनी ती कॅमेऱ्यावर चढवून उजवा डोळा लावला. मग म्हणाले, “हं, आता बरं दिसतंय.” दिसत नव्हतं.

पुढच्याच महिन्यात इस्पितळातल्या मेट्रनबाई निवृत्त झाल्या. छत्तीस वर्षांची नोकरी. त्या दिवशी त्यांची नव्वदीची आई चाकाच्या खुर्चीत बसून मुद्दाम आली होती. तिने मुलीला कामाच्या जागी कधी पाहिलंच नव्हतं. वॉर्डाच्या खिडकीपाशी आईने मुलीच्या गणवेशाची कॉलर नीट केली, जणू ती शाळेत निघाली होती, आणि दोघी हसल्या. पंच्याऐंशी तिथेच होते. कडं फिरवत होते, कुठे थांबायचं ते कळत नव्हतं, अंदाजाने थांबत होते. त्यांनी साठ-सत्तर फोटो काढले. पडद्यावर पट्टी होतीच.

स्टुडिओत येऊन त्यांनी संगणकावर फोटो उघडले. मागची सलाइनची बाटली स्वच्छ दिसत होती, तिच्यावरची अक्षरं वाचता येत होती. पुढच्या दोघी मायलेकी मात्र धुक्यात. एक नाही, दोन नाही, एकूणएक फोटो तसाच.

मेट्रनबाई फोटो न्यायला आल्या. बघता बघता त्यांचं हसू ओसरलं. “असे कसे हो आले?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त अवघड झालं.

पंच्याऐंशींच्या तोंडून निघून गेलं, “लेन्स नुकतीच दुरुस्तीहून आलेली. मिस्त्रींनी बसवताना काहीतरी घोटाळा केला.”

बोलून झालं आणि त्यांना वाटलं, एवढ्यावर भागेल. पण मेट्रनबाईंना ओळखत नाही असं घर गावात नव्हतं. आठवड्याभरात मंडळात विषय निघाला. कुणीतरी विचारलं, “काय हो, मिस्त्रींनी तुमची लेन्स बिघडवली म्हणे?” तिथे ‘नाही’ म्हणायची संधी होती. पंच्याऐंशींनी खांदे उडवले आणि म्हणाले, “वय झालंय त्यांचं. हात पूर्वीसारखा राहिला नाही.”

मिस्त्री त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान होते.

दोन जणांनी दुरुस्तीला दिलेले कॅमेरे न उघडताच परत नेले. एकाने बाहेरगावी पाठवायला सुरुवात केली. वर्तमानपत्राच्या कचेरीतून दर महिन्याला सफाईला येणारी कॅमेऱ्यांची पेटी यायची थांबली. पंच्याऐंशींना हे सगळं कानावर येत होतं. ते औषधाच्या दुकानावरून जायचं टाळू लागले. समोरच्या फुटपाथवरून जायचे, मान खाली घालून, जणू रस्त्यावर काही पडलंय आणि ते शोधतायत.

शेवटी मिस्त्रींचाच फोन आला. “लेन्स घेऊन ये. माझ्या हातून चूक झाली असेल तर मला बघू तरी दे.”

“बघू, येतो सवडीने,” म्हणून त्यांनी तीन आठवडे काढले. शेवटी बायको म्हणाली, “अहो, तो माणूस काय तुम्हाला खायला बसलाय का? इतक्या वर्षांचे संबंध. जा ना एकदा.” तिला काय माहीत होतं? तिला वाटत होतं, मिस्त्रींनीच चूक केलीय आणि नवरा मोठ्या मनाने गप्प बसलाय. तसं ती शेजारी बोललीही होती.

ते गेले. दुपारची वेळ, खोलीत ऊन. टेबलावरच्या वाट्या रिकाम्या होत्या आणि हिरवं कापड झटकून नीट अंथरलेलं. एवढं नीटनेटकं ते टेबल त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. काम नसलं की टेबल असं दिसतं, हे त्यांच्या लक्षात आलं.

मिस्त्रींनी कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला. समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलं. मग स्वतः डोळा लावून कडं फिरवलं, एक फोटो काढला. “आता तू काढ.” पंच्याऐंशींनी उजवा डोळा लावला. पान म्हणजे नुसता करडा चौकोन. त्यांनी कडं पुढे नेलं, मागे नेलं, थांबवलं, बटण दाबलं. “आणखी एक,” मिस्त्री म्हणाले. मग आणखी एक.

मिस्त्रींनी नखाने मागची काळी पट्टी उचकटली. चिकट डाग राहिला, तो त्यांनी अंगठ्याने पुसला. पहिला फोटो: बारीकातली बारीक जाहिरातसुद्धा वाचता येत होती. दुसरा, तिसरा, चौथा: करडा चौकोन. मिस्त्रींनी पुन्हा पहिल्यावर येऊन पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, अगदी क्षणभर. लेन्स चांगली होती, हात चांगला होता. मग त्यांनी दोस्ताकडे पाहिलं.

“डोळा दाखवलास का कुणाला?”

पंच्याऐंशींनी मान हलवून नाही म्हटलं.

“कधीपासून असं आहे?”

इथेही खोटं बोलता आलं असतं. आत्ताच कळलं, म्हटलं असतं तर मिस्त्रींनी पाठीवर हात ठेवला असता, वर स्वतःच त्यांना डॉक्टरकडे नेलं असतं. पंच्याऐंशींनी वाट्यांकडे पाहिलं.

“तुझ्याकडे लेन्स दिली त्याच्या आधीपासून.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“हो.”

मिस्त्री खुर्चीत बसले. खालच्या दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, ते वरपर्यंत ऐकू आलं.

“तुझा डोळा गेला असं कळलं असतं ना, तर मला रात्रभर झोप लागली नसती,” मिस्त्री म्हणाले. “पण आता मला वाईटही वाटत नाहीये रे. तू तेवढी जागासुद्धा ठेवली नाहीस.” आणि त्यांनी लेन्सवर झाकण लावून कॅमेरा त्यांच्याकडे सरकवला.

पंच्याऐंशी जिना उतरले ते कठडा धरून. घरी येऊन आधी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, “मी शेजारणीला काय काय बोलले त्यांच्याबद्दल,” आणि आत निघून गेली. दोन दिवस तिने कामापुरतंच तोंड उघडलं.

त्याच आठवड्यात त्यांनी डोळा दाखवला; मोतीबिंदू निघाला. मंडळाची बैठक पंधरा दिवसांवर होती. न जाण्याची कारणं त्यांनी बरीच जमवली, आणि तरी गेले. टेबलावर नेहमीच्या जागी कॅमेरा ठेवला, त्यावर तीच लेन्स. पाळी आली तेव्हा उभे राहिले.

“यंदाही हीच ठेवतोय,” ते म्हणाले. “हिच्यात काही बिघाड नाही. कधीच नव्हता. मिस्त्रींनी ती उत्तम बसवली होती. मला दिसत नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. दिसत नाही हे मला आधीच ठाऊक होतं, आणि तरी मी त्यांचं नाव पुढे केलं. तुम्ही त्यांच्याकडचं काम काढून घेतलंत ते माझ्यामुळे.”

त्यांना वाटलं होतं, कुणीतरी म्हणेल, जाऊ द्या हो, होतं असं. कुणी म्हणालं नाही. मग दातांच्या डॉक्टरीणबाई उठल्या. बाई अबोल, कोपऱ्यात बसणाऱ्या.

“मला एक विचारायचंय,” त्या म्हणाल्या. “सहा वर्षांपूर्वी मी माझा छोटा कॅमेरा इथे ठेवला होता. आपोआप फोकस करणारा. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, ‘फोटो हा कॅमेरा काढतो, बाई नुसत्या सोबत असतात.’ सगळे हसले. आठवतं?”

त्यांना आठवत नव्हतं. हेच सगळ्यात वाईट होतं. असं किती जणांना काय काय बोललो असू, याचा त्यांच्याकडे काही पत्ताच नव्हता.

“माझाही डोळा अधू आहे. जन्मापासून,” बाई म्हणाल्या. “मला तो एकच कॅमेरा जमायचा. त्यानंतर मी तो इथे आणला नाही.” आणि त्या खाली बसल्या. पंच्याऐंशींनी हात जोडले, पण बाई टेबलाकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी ते मेट्रनबाईंकडे गेले. त्यांनी दारातच ऐकून घेतलं. “आईला पुन्हा तिथे नेणं आता जमायचं नाही,” त्या म्हणाल्या. “ती आता खाटेवरून उठत नाही. तुम्ही घरी येऊन काढतो म्हणाल, पण तो फोटो वेगळा होईल.” त्यांनी आवाज चढवला नाही, आत या असंही म्हटलं नाही.

डोळ्याचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या तळहातावरच्या रेषा दिसल्या, आणि बायकोच्या कपाळावरच्या. त्या एवढ्या वाढल्यात हे त्यांना ठाऊक नव्हतं. ऑपरेशन होईपर्यंतच्या काळात त्यांनी एक आपोआप फोकस करणारी लेन्स वापरली. ती चांगली होती. इतकी चांगली की त्यांना राग आला, मग त्या रागाचीही लाज वाटली. स्टुडिओत आता तीच जास्त चालते. आवडती कोणती असं कुणी विचारलं तर ते पंच्याऐंशीकडेच बोट दाखवतात, पण पूर्वीसारखं त्यावर बोलत बसत नाहीत.

वर्तमानपत्राची पेटी मिस्त्रींकडे परत येऊ लागली. बाहेरगावी पाठवणारा सभासद मात्र परतला नाही; त्याला तिकडचं काम सोयीचं वाटलं. ते एक गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

पंच्याऐंशी दर पंधरवड्याला त्या जिन्यावर चढू लागले. मिस्त्री “ये” म्हणत, कामापुरतं बोलत, आणि मान खाली घालून स्क्रू फिरवत राहत. स्टुल होतं, पण त्यावर बसायला कुणी सांगत नव्हतं, म्हणून ते दाराशीच उभे राहत, पाच-दहा मिनिटांनी जात. असे चार महिने गेले.

एके दिवशी मिस्त्री डोळ्यावरचं कामाचं भिंग न काढताच म्हणाले, “तुझ्या डोळ्यात पण लेन्स बसवलीय ना? बसवणाऱ्याने काही घोटाळा नाही ना केला?”

पंच्याऐंशींचे कान लाल झाले. “नाही,” ते म्हणाले, “छान बसवलीय.”

“मग त्याला तसं सांगितलंस का?”

“नाही.”

“सांगून ये.”

ते दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांच्या इस्पितळात गेले. नंबर लावला, बाकावर तासभर बसले, आणि डॉक्टरांनी “काय त्रास होतोय?” असं विचारल्यावर म्हणाले, “त्रास काही नाही. काम चांगलं झालंय, एवढंच सांगायला आलो होतो.”