गिरणीवरचं जाल्जा

आमच्या उमापुरात पिठाची गिरणी चालवणारी बाई मोबाइलवर कोरियन मालिका बघते, आणि संध्याकाळी गिरणी बंद करताना गिऱ्हाइकांना कोरियनमध्ये ‘नीट झोपा’ म्हणते. पापण्यांवर पीठ, आवाज झोपेतल्यासारखा हळू. मोठ्यांना मानाचं ‘आन्यंगी जुमुसेयो’, जवळच्यांना नुसतं ‘जाल्जा’. प्रत्येक वस्तू ठरल्या जागी ठेवणारी मी. मला ही वाटणी पटली होती. फक्त माझ्या वाट्याला कायम मानाचंच यायचं, आणि ते घेऊन रिकाम्या घरी येताना उगाच परकं वाटायचं.

एकदा ती फोनवर आईला ‘जाल्जा’ म्हणाली. मी टोकलं, “अगं, आईला मानाचं म्हणायचं ना?”

“आईला कुणी तुमी म्हणतंय व्हय, काकू? परकी वाटंल की ती.”

परवा मी तापाने पडून होते. दिवेलागणीला ती दळण घेऊन घरी आली, नेमक्या डब्यात पीठ ओतलं, माझ्या अंगावर गोधडी सारखी केली. ओल्या धुक्यातून दिसावी तशी ती दाराकडे जाताना दिसली. डोळे मिटून मी त्या लांबलचक शब्दांची वाट बघत राहिले.

“जाल्जा, काकू,” ती म्हणाली आणि दार हलकेच ओढून घेतलं.