वरच्या शेजाऱ्यांचं टक्कल आणि माझे कुरळे केस

दोह्यात सावलीची किंमत सगळ्यांनाच कळते. गाडी लावायला भिंतीची हातभर सावली मिळाली तरी माणूस दिवसभर खुशीत असतो. पण पोटासाठी सावली हाकलायची आणि हौसेसाठी तीच घरी आणून बसवायची, असा माणूस मी एकच पाहिला: अल नस्र भागातल्या बिल्डिंगमधले आमचे वरचे शेजारी. वर्ल्ड कपसाठी उभ्या राहणाऱ्या एका स्टेडियमवर ते लाइटिंगचे इंजिनिअर होते. खेळाडूची सावली मैदानावर उठून दिसता कामा नये, हे त्यांचं काम. आणि शुक्रवारच्या सुट्टीत हेच गृहस्थ पडदे ओढून, एकच दिवा तिरका लावून आरशासमोर बसायचे आणि स्वतःच्या डोळ्यांवर सावली पाडायचे. याला कारण भिंतीवरचं जुन्या कॅलेंडरचं एक पान. कुणा डच चित्रकाराने काही शतकांपूर्वी, ऐन तरुणपणी काढलेलं स्वतःचंच तैलचित्र: गालाच्या कडेला उजेड, डोळे अंधारात आणि डोक्यावर कुरळ्या केसांचं रान. बटा तर ओल्या रंगातच ब्रशच्या मागच्या टोकाने ओरखडलेल्या. "बघ पोराची मिजास! जगाला तोंड दाखवायला बसलाय आणि डोळेच झाकलेत," असं ते दर शुक्रवारी नव्याने म्हणायचे.

आमच्याकडे आले की आधी ट्यूबलाइट बंद करायचे. अंधारात पोहे खाताना मी अख्खी मिरची चावली, तेव्हा बायको म्हणाली, "भाऊजी, निदान मिरचीपुरता तरी उजेड ठेवा."

त्यांना स्वतःचं तसं चित्र काढायचं होतं, आणि ती काही थट्टा नव्हती. वहिनी नाशिकला. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा, पण एकदा त्या म्हणाल्या, "फोनवर तुम्ही पासपोर्टच्या फोटोसारखे दिसता. आपला माणूस वाटत नाही." ते यांना लागलं. स्टेडियम ताब्यात दिलं की कॉन्ट्रॅक्ट संपणार, पहिल्या मॅचच्या आधीच कायमचं घरी. "इतकी वर्षं सुट्टीला जाताना खजूर आणि अत्तरं नेली," ते म्हणाले, "या वेळी मला नेतो."

अडचण एकच, टक्कल. लग्नात वहिनींनी पाहिलेले केस परत आणायचे होते, आणि कुरळे केस बिल्डिंगमध्ये माझे. मग दर शुक्रवारी मी मान वळवून खुर्चीत.

"हलू नकोस. तुझं डोकं मला फक्त वरून हवंय."

"आणि आतलं?"

"ते राहू दे तुझ्याकडेच."

शेवटचा शुक्रवार आला. चित्रात जायचं म्हणजे माणसाने जरा नीटनेटकं दिसावं, या सद्बुद्धीने मी गुरुवारी सलूनमध्ये गेलो. हैदराबादी न्हाव्याला म्हटलं, "तसवीर बनवानी है, अच्छे से काटो."

"यल्ला, बैठो साब!" म्हणत त्याने मशीन फिरवलं.

दुसऱ्या दिवशी कोलोन लावून, बायकोला कौतुक बघायला बरोबर घेऊन मी वर गेलो. शेजाऱ्यांनी दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग कॅनव्हासकडे. "खलास!" म्हणाले आणि मॉडेलच्या खुर्चीत स्वतःच बसले.

"वाढतील हो," मी म्हटलं.

"माझं विमान बुधवारी आहे."

"डोकं वापरायची सवयच नाही हो यांना," बायको म्हणाली, "म्हणून तुम्हाला तेवढं भाड्याने दिलं होतं."

ते उठून आरशासमोर बसले. बराच वेळ आरशात पाहत राहिले. मग फडकं घेऊन अर्धवट झालेल्या ओल्या बटा त्यांनी पुसून टाकल्या आणि स्वतःचं डोकं रंगवायला घेतलं, आहे तसं. दिव्याचा उजेड त्या गोट्यावरून घरंगळत कानामागे गेला. डोळे सावलीतच राहिले. 

तैलरंग असे दोन-चार दिवसांत वाळत नाहीत. आम्ही चित्र खोक्यात, कशाला न टेकेल असं बसवलं, आणि त्यांनी ते विमानात मांडीवर धरूनच नेलं.

आठवड्याने मी भीतभीत फोन केला. "काय म्हणाल्या वहिनी?"

"तिने आधी खोकंच उघडलं रे. दिवाही लावला नाही. जवळ गेली आणि गालावर बोट फिरवलं. ओला होता, निघाला थोडा रंग."

"अरेरे! मग नीट केलात ना?"

"ब्रश घेतला होता हातात," ते म्हणाले. "तर म्हणाली, राहू द्या, मी हात लावलाय तिथे."