स्क्रीन लावणारी सुगंधा

सतराव्या वर्षी सुगंधा पावणेसहा फूट उंच होती आणि तोवर त्या उंचीनं घरच्यांना घोर लावण्यापलीकडं काही केलं नव्हतं. तिच्या मापाचा नवरा कुठून आणायचा, या एकाच प्रश्नावर आई मंजुळाबाई दिवस काढायची. बाप केरबा पूर्वी पाचोडकडं मेंढरं राखायचा. माळ नांगराखाली गेले, चराई सरली, तसा त्यानं कळप विकला आणि मुकुंदवाडीत स्टेशनाजवळ पत्र्याच्या खोलीत बिऱ्हाड केलं. चिकलठाण्याला तेव्हा कारखाने उठत होते. माय-लेकी तिथं बांधकामावर जायच्या.

हे एकोणऐंशी सालचं. पंख्याच्या एका कारखान्याची नवी शेड चालली होती. बाकीच्या बाया फळीवर चढून घमेलं वर द्यायच्या, सुगंधा खाली उभ्या उभ्या हात उंचावून द्यायची. कारखान्याचे बद्रीनाथ सर सिगारेट ओढत ते बघत राहिले. कामगार बायांची बास्केटबॉलची टीम उभी करायचं काम मालकांनी त्यांच्याकडं दिलं होतं, कारण दुसऱ्या एका कारखान्याची टीम पुण्यात जाऊन कप घेऊन आली होती. सरांनी सुगंधाला विचारलं, बॉल खेळली का कधी? ती नाय म्हणाली. सर म्हणाले, शिकवू.

केरबाला हे पटवायला सर स्वतः त्याच्या खोलीवर गेले. पोरीला कारखान्यात कायमची नोकरी मिळेल, दुपारपर्यंत काम आणि पुढं खेळ, पगार मात्र पूर्ण. केरबानं फक्त चड्डीचं विचारलं. सर म्हणाले, गुडघ्यापर्यंत असते. चुलता मुंजाबा यावरून वर्षभर घरी पाणी प्यायला नाही.

पहिले काही महिने सुगंधाला झोपेतसुद्धा बॉलचा आवाज यायचा. तिच्या पायाला बायांचे बूट बसेनात, म्हणून सरांनी गुलमंडीच्या बाजारातून पुरुषांचे आणले. पोरगी झपाट्यानं शिकली. सकाळी भोंगा व्हायच्या आधी येऊन ती एकटीच रिंगवर बॉल मारत बसायची. दहातले सहा-सात पडायचे. असं काही आपल्याला जमतं, याचं तिला स्वतःलाच नवल वाटायचं.

एका सकाळी सरांनी ते पाहिलं. तिला वाटलं, शाबासकी मिळेल. सर म्हणाले, "हे तुझं काम नाय. बॉल मारायला प्रमिला हाय."

प्रमिला औताडे टीमची कप्तान. घरची मोठी जमीन, बाप वकील, ती स्वतः कॉलेजातून खेळून आलेली. हात असा की अंगणात फुलं टाकावीत तसा बॉल टाकायची. तिला मोकळं करणं हे सुगंधाचं काम. प्रमिलाच्या मागं समोरच्या टीमची पोरगी धावत आली की सुगंधानं मधे खांबासारखं उभं राहायचं. धावणारी येऊन धडकायची, तेवढ्यात प्रमिला सुटायची आणि बॉल रिंगमधी. याला स्क्रीन लावणं म्हणायचे. हुकलेला बॉल उडी मारून धरायचा आणि लगेच प्रमिलाला द्यायचा, हे दुसरं काम. तिसरं काम नव्हतंच.

दुसऱ्या वर्षी जालन्याच्या एका मॅचला सुगंधानं न राहवून दोनदा रिंगवर मारलं. एक पडला, एक हुकला. सरांनी तिला लगेच बाहेर काढलं आणि उरलेल्या दौऱ्यात बाकावरच बसवलं. बसल्या बसल्या तिला एवढंच कळलं, की पडलेल्याचंही कौतुक नव्हतं. त्यानंतर तिनं मारणं सोडलं. आधी मनाला आवर घालावा लागायचा, पुढं पुढं हातच विसरले. बॉल आला की मान आपोआप डावीकडं वळायची. प्रमिला नेहमी डावीकडच्या कोपऱ्यात असायची.

टीम जिंकायला लागली. पेपरात फोटो यायचे ते प्रमिलाचे. सुगंधाचा समोरचा दात पडला, नाक एकदा मोडलं, उजव्या गुडघ्यात पाणी झालं. प्रमिला वाईट नव्हती. दौऱ्यावर दोघी एका खोलीत राहायच्या, ती सुगंधाच्या गुडघ्याला तेल चोळून द्यायची. एकदा म्हणाली, "तू असलीस ना सुगंधा, की भिंतीच्या आडोशाला उभं राहिल्यासारखं वाटतं." सुगंधानं ते मोठ्या कौतुकानं आईला सांगितलं. मंजुळाबाई म्हणाली, "भिंतीला कोण इचारतंय गं?" तेव्हा सुगंधाला आईचा राग आला होता.

लग्नाचं वय या धावपळीत निघून गेलं. दोन स्थळं आली होती. एक उंचीला बिचकलं, दुसऱ्याला चड्डीतल्या फोटोचं कुणीतरी कानावर घातलं.

शहाऐंशी साली नागपूरला कारखान्यांच्या टीमांची फायनल झाली. मालक जातीनं आले होते. मॅच अटीतटीची. शेवटची दोन-तीन मिनिटं उरली असताना प्रमिलाचा पाचवा फाउल झाला आणि नियमानं तिला बाहेर बसावं लागलं. शेवटचे काही सेकंद उरले, टीम एका पॉइंटानं मागं होती, तेव्हा रिंगवरून उडालेला बॉल सुगंधाच्या हातात पडला. ती रिंगच्या अगदी खाली होती आणि तिच्या आसपास कुणीही नव्हतं. समोरच्या पोरींनी तिला मुद्दामच मोकळं सोडलं होतं. ही मारत नाही, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालं होतं.

सुगंधाची मान डावीकडं वळली. हातांनी बॉल कोपऱ्यात फेकला. कोपरा रिकामा होता. बॉल टप्पे खात रेषेबाहेर गेला, बाकांखाली जाऊन थांबला आणि मॅच संपल्याची शिट्टी झाली.

कुणी ओरडलं नाही. सर जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "अगं, लेकरानं बी मारला असता."

सुगंधा म्हणाली, "सर, तुमीच तर सांगितलं होतं, मारू नको म्हणून."

"हारायच्या टायमाला बी मारू नको, असं कधी म्हणलो मी?"

प्रमिला बाकावर टॉवेलात तोंड घालून बसली होती. सुगंधा तिच्याजवळ गेली तेव्हा तिनं मान वर केली नाही.

घरी आल्यावर केरबानं विचारलं. तो एकही मॅच बघायला गेला नव्हता, पण पाचोडच्या बाजारात लेकीचं नाव सांगत फिरायचा. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "एवढी थोरली बाई तू. बॉल वर टाकायला काय झालं?" ती चुलीपुढं बसून राहिली. सरांचं बोलणं पचलं असतं एक वेळ, बापाचं पचलं नाही.

पुढच्याच वर्षी टीम मोडली. पंख्यांचा खप उतरला होता, मॅनेजर तात्यासाहेबांना खर्च कमी करायचा होता, त्यांनी तो तिथून केला. पण कारखान्यात बोललं गेलं ते वेगळंच. सुगंधानं टीम बुडवली, म्हणे. प्रमिलाला ऑफिसात बसवलं, पुढं तिचं इंजिनीअराशी लग्न झालं. सुगंधाला वायंडिंगला टाकलं. तांब्याची तार गुंडाळायची, आठ तास उभं राहून, त्याच गुडघ्यावर. पोरं मागून जाताना 'पास, पास' म्हणायची. सुरुवातीला ती वळून बघायची, मग तेही सोडलं. बद्रीनाथ सर रिटायर झाले तेव्हा सगळ्यांनी हार घातले. तिनं त्या दिवशी रजा टाकली.

नव्वदीचं दशक सरता सरता कारखानाच बंद पडला. आई-बाप गेले होते. मुकुंदवाडीतल्या एका मुलींच्या शाळेला बास्केटबॉल शिकवायला कुणीतरी हवं होतं, तिथं ती लागली. शिकवायची ते एकच, बॉल रिंगवर मारायचा. उंच, बुटकी, जाड, कशीही पोर असो, रोज प्रत्येकीनं मारायचा. पास द्यायला तिनं कुणाला शिकवलं नाही. मॅचला पोरी बॉल मिळाला की कुठूनही मारायच्या आणि हमखास हरायच्या. मात्र हसत बाहेर यायच्या. त्या हसणाऱ्या पोरींकडं बघताना सुगंधाला बरं वाटायचं आणि तितकाच त्यांचा हेवाही वाटायचा.

दुसऱ्या वर्षी शाळेच्या कमिटीवर प्रमिला आली. आता चष्मा, पिकलेले केस, तरी चाल तीच. तिनं मैदानाच्या कडेला सुगंधाचा हात हातात घेतला, गुडघ्याची चौकशी केली आणि मग मुद्द्यावर आली.

"सगळ्याच मारत सुटल्या तर कसं जिंकायचं, सुगंधा? एखादीला स्क्रीन लावायला शिकव की. ती उंच पोरगी आहे ना, तिला."

सुगंधानं हात सोडवून घेतला.

"तुला आडोसा लागतो ना, मग तू ये अन् तू उभी राहा," ती म्हणाली. "माझ्या पोरी नाय उभ्या राहायच्या."

प्रमिलाचा चेहरा उतरला. ती म्हणाली, मी कधी तुझं वाईट चिंतलं नाही. सुगंधा म्हणाली, व्हय, ते ठाऊक हाय. खरोखरच ठाऊक होतं तिला. कुणीच तिचं वाईट चिंतलं नव्हतं, म्हणून तर इतक्या वर्षांत भांडायलाही माणूस सापडलं नव्हतं.

महिनाअखेरीस शाळेनं तिला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. नवा मास्तर आला. पुढच्या वर्षी शाळेनं जिल्ह्याचा कप आणला आणि प्रमिलानं आठवणीनं पेढे पाठवून दिले. सुगंधानं पुडा न उघडता शेजारणीच्या हातात दिला आणि दार लोटून भाकरी थापायला बसली.