मेघाच्या दगडावरचा फेस

चूक माझीच झाली असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. चहा घेता घेता तुम्ही फक्त ऐका आणि मग सांगा, जन्मभर तुरीचं वरण शिजवलेली बाई माझ्या जागी दुसरं काय करणार होती?

आमच्या अंगणाला लागून मेघाचं अंगण. पोरगी केमिस्ट्री शिकलेली, पण नोकरीसाठी वर्षभर वणवण. शेवटी लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका खतवाल्या मालकानं तिच्या हाती दळलेल्या दगडाची पिशवी दिली. म्हणाला, यातलं खताच्या कामाचं फॉस्फेट वेगळं करून उद्या सकाळी दाखव, जमलं तर नोकरी तुझी. नाही जमलं तर पोरगी चालली पुण्याला. तिच्या आईचा तर आतापासूनच घास उतरत नव्हता.

आणि त्याच दिवशी आई-बाप बाभुळगावला लग्नाला गेलते. मग पोरीवर लक्ष कोण ठेवणार? मी काही डोकावत नव्हते. मधली भिंतच बुटकी आहे, त्याला मी काय करू?

दुपारी मेघा भिंतीवरून म्हणाली, "काकू, कॉर्नफ्लॉवर असन का जी तुमच्याकडे?"

मंचुरियनसाठी आणलेलं अख्खं पाकीट दिलं. म्हटलं एकटी पोरगी, काहीतरी चटकमटक करत असेल. मागोमाग मीही गेले. पाहते तर काय, बाईसाहेबांनी माझ्या पिठात कॉस्टिक सोडा टाकून खळ शिजवली आणि ती त्या दळलेल्या दगडाच्या पाण्यात ओतली. हो, दगडाच्या.

"अवं, दगडाले कायले जेवू घालून राह्यली?"

"काकू, हे पीठ ना, नको असलेल्या दगडाले..."

"अन्न आहे ते पोरी. शिकल्या लोकायले अन्नाची काही किंमतच नाही."

तिनं खळ ढवळली. मग त्यात पातळ साबणासारखं काहीतरी टाकलं आणि मोटर सुरू केली. स्टीलच्या डब्यात पंखा गरगर फिरतोय, खालून हवेचे बुडबुडे, आणि वर हळूहळू राखाडी फेस. असा कळकट, भांड्यांच्या धुवणासारखा. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"काकू, मालकाचा आहे. इथं रेंज नाही, गच्चीवर जाऊन येतो. फेस वर आला की त्याले..."

"जाय तू. फेस काय मले नवा आहे?"

आता तुम्हीच सांगा. वरणाला उकळी आली की वर फेस येतो, त्याचं आपण काय करतो? पाक करताना दुधाचा चमचा टाकतो, मळी वर येते, तिचं काय करतो? ठेवतो का जपून? झारा घेतला आणि सगळा फेस काढला. पुन्हा आला, पुन्हा काढला. मोरी तुंबू नये म्हणून माझ्या अंगणातल्या लिंबाच्या बुडाशी नेऊन ओतला. एवढा विचार कोण करतं दुसऱ्याच्या घरात? फेस यायचा थांबला तेव्हा मोटर बंद केली. खाली वाळूसारखा स्वच्छ गाळ बसला होता. त्यावर ताट झाकलं आणि शाबासकीची वाट पाहत बसले.

मेघा उतरली. डब्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काकू, फेस कुठं आहे?"

"फेकला. घाण होती नुसती. तुहा माल पाय, कसा चकचकीत निघाला."

पोरीनं झारा उचलून उलटसुलट पाहिला.

"काकू, फॉस्फेट फेसात होतं. त्या साबणानं ते बुडबुड्याले चिकटून वर येते."

"मंग हे खालचं काय आहे?"

"हे फेकाचं होतं. भलते दगड फेसासंग वर येऊ नाही म्हणून तं ते पीठ. ते त्यायच्या अंगाले चिकटते, अन् ते खालीच बसतात."

असा संताप आला मला. माझंच पीठ खाऊन त्या दगडांनी मलाच फसवावं?

"मंग आधी काहून नाही सांगतलं?"

"दोनदा सांगून राह्यली होती. तुम्ही बोलू देता काय?"

आणि तिचे डोळे भरले. तिथं माझा राग गेला कुठल्या कुठं.

"पिशवीतलं काही उरलं का वं?"

"एका वेळेपुरतं उरलं. पण पीठ सगळं टाकलं मी."

रविवार, कोपऱ्यावरचं दुकान बंद. निघाले घरोघर कॉर्नफ्लॉवर मागत. आता मागायचं म्हटलं की कशाला हवं ते सांगावं लागतं, आणि सांगितलं की पूर्ण सांगावं लागतं. चौथ्या घरी पाकीट मिळालं, पण तोवर अर्धी गल्ली माझ्यामागं निघालेली. कोणी खुर्चीच घेऊन आलं.

मेघानं पुन्हा खळ शिजवली, पुन्हा फेस आणला. मला मात्र डब्यापासून चार हात लांब पाटावर बसवलं, हातात झाकण दिलं आणि म्हणाली, "काकू, हे धरून बसा. खूप महत्त्वाचं आहे." मी तासभर ते झाकण धरून बसले. ते कशावरच बसत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मेघा पेढे घेऊन आली. नोकरी लागली होती. पोरगी गावातच राहणार म्हणून मी तिची अलाबला काढली. आमचे हे पेपर वाचत बसले होते, त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मेघा, त्या पिठानं नक्की काय होते म्हणते?"

"काका, नको तिथं वर येणाऱ्याले ते खाली शांत बसवून ठेवते."

यांनी पेढा तोंडात टाकला आणि चवीनं खाल्ला.

"उरलं असन थोडं, तं रोज एक चमचा काकूच्या चहात टाकत जाऊ."

मेघा लाजून हसली. म्हणाली, "नाही जी काका. दगडावरच चालते ते."