मिसरी म्हणजे काय तंबाखू हाय का?

तिसऱ्या बाळंतपणानंतर माझं पोट असं सुटलं, की खालची कातडी घडी पडून लोंबायची. उन्हाळ्यात घडीखाली चिघळायचं, वर बेंबीशी हर्निया. सर्जन म्हणाले, हर्निया दुरुस्त करतानाच जास्तीची कातडी काढून टाकू. सासूबाई खूश! "कर बाई, किती खाजवशील," म्हणत त्या माझ्यासोबत परभणीला आल्या.

तपासताना सर्जननी विचारलं, "तंबाखू, गुटखा, बिडी?" मला असा राग आला! गळ्यात इष्टलिंग दिसत असताना लिंगायत बाईला हे विचारतात! "आमच्या घरात असलं काही चालत न्हाई," मी ठणकावलं. सासूबाईंनीही जोरात मान हलवली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून पाणीसुद्धा बंद. निदान तोंड तरी साफ असावं म्हणून आम्ही दोघी कॉटवर बसून मिसरी लावत होतो. तेवढ्यात पोटावर रेघा आखायला सर्जन पेन घेऊन आले आणि आमची काळी बोटं बघून दारातच थबकले.

"हे काय चाललंय?"

"दात घासायलोत," सासूबाई म्हणाल्या.

"अहो, ही तंबाखूच आहे!"

"तंबाखू खातेत. ही तर नुसती लावायची," मी भांडले.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. ऑपरेशन सहा आठवडे पुढे, आणि मिसरी आजपासून बंद. कातडी सोडवून खाली ओढली, की तिच्या कडेपर्यंत रक्त लांबून येतं. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसल्या तर कड काळी पडून सडते, म्हणाले. सडते म्हणे! आमचं गाव सोनपेठ येईपर्यंत बसमध्ये मी त्यांचा उद्धार करत होते, पण आतून लय भ्याले होते.

ते सहा आठवडे काय सांगू! डोकं ठणकायचं. आमच्या किराणा दुकानात गिऱ्हाइकानं नुसती साखर मागितली तरी मी खेकसायचे. सासूबाईंवरसुद्धा खेकसले. एरवी एकाला चार सुनावणारी बाई, पण तेव्हा गप्प बसायची. मला त्याचाही राग यायचा.

एकदाचं ऑपरेशन झालं. मधल्या पोकळीत पाणी साचू नये म्हणून सर्जननी कातडी आतल्या थराला ठिकठिकाणी टाचली होती, गोधडी शिवतात तशी. टाक्यांवर ताण नको म्हणून मला कमरेत वाकून चालावं लागायचं. सासूबाई वयानं वाकलेल्या. दोघी वॉर्डातून निघालो की नर्स तोंड फिरवून हसायच्या.

पाचव्या दिवशी पट्टी सोडली. मी डोळे गच्च मिटले. "आत्याबाई, काळी पडली का हो?"

त्या पोटाशी वाकल्याचं जाणवलं. मग म्हणाल्या, "गुलाबी हाय गं. समदी गुलाबी." आणि एकदम हुंदका फुटला त्यांना. "नवी नवरी आलीस, तवा म्याच लावली तुला ही सवय. तू न्हाई म्हणत व्हतीस. सहा आठवडे डोळ्याला डोळा लागला न्हाई माझा."